माकडांकडून येणाऱ्या हिवतापाची धास्ती कोणी घ्यावी?

वाचकाचे पत्र : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. वनशास्त्राचे शिक्षण संपवून तो पुढच्या महिन्यात मलेशियातील सबाह प्रांतात दहा महिन्यांच्या कामासाठी जातो आहे. पामतेलाच्या मळ्यांना लागून असलेल्या जंगलात झाडांची मोजदाद करायची आहे आणि आठवड्यातले तीन-चार दिवस मुक्कामही तिथेच राहील. तिकडे माकडांमुळे माणसाला मलेरिया होतो, असे त्याच्या बोलण्यात आले आणि तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही. आमचे घर सेमिनरी हिल्सच्या बाजूला आहे. वानरांची टोळी रोज गच्चीवर येते, शेजारी त्यांना फुटाणे घालतात. मग आम्हालाही हा धोका आहे का? मुलगा सिकलसेलचा वाहक आहे, म्हणजे त्याचा रिपोर्ट एएस आहे, आणि अशांना मलेरिया होतच नाही असे नातेवाईक सांगतात. माझे यजमान ६१ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. दिवाळीनंतर महिनाभर मुलाकडे जाऊन राहावे, असा आमचा विचार आहे. हा आजार नेमका कोणाला होतो, ते कृपया सांगावे. — एक आई, नागपूर

आदरणीय ताई,

आधी गच्चीचे सांगते, म्हणजे निदान तेवढी काळजी आज रात्रीपुरती तरी मिटेल. तुमच्याकडे येणाऱ्या काळ्या तोंडाच्या वानरांमुळे तुम्हाला मलेरिया होणार नाही. माकडाला हात लागल्याने, त्याच्या उष्ट्या फळाने किंवा ते चावल्याने हा आजार होत नाही. तो व्हायला मध्ये डास लागतो, आणि तोही विशिष्ट गटातला, दाट जंगलाच्या सावलीत वाढणारा. नागपुरातला मलेरियाचा डास निराळा आहे. आपल्या कूलरमध्ये, गच्चीवरच्या उघड्या टाकीत, बांधकामावरच्या हौदात वाढणारा अ‍ॅनॉफिलीस स्टिफेन्सी एका माणसाचे रक्त पिऊन दुसऱ्या माणसाला चावतो आणि माणसातलाच मलेरिया माणसात नेतो. तेव्हा तुमच्या घरापुरते बोलायचे तर, उन्हाळा संपल्यावरही न उपसलेल्या कूलरची काळजी आधी करावी आणि वानरांची नंतर. शेजाऱ्यांनी फुटाणे घालणे मात्र थांबवावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण खाण्याच्या झटापटीत वानर चावले की रेबीजच्या लसीसाठी धावपळ करावी लागते, आणि बहुतेक वेळा चावा लहान मुलाच्याच वाट्याला येतो.

आणखी एक गोंधळ इथेच दूर करते. मराठीत शोधायला गेलात तर तुम्हाला ‘माकडताप’ हा शब्द भेटेल आणि तुम्ही आणखी घाबराल. माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप. तो १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला आणि आपल्याकडे सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला, २०१६ पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो विषाणूचा आजार असून गोचिडीच्या चाव्यातून होतो. त्याचा आणि तुमच्या मुलाने सांगितलेल्या मलेरियाचा, नावातले माकड सोडले तर, काहीही संबंध नाही.

मुलगा ज्याविषयी बोलला त्या जंतूचे नाव प्लास्मोडियम नोलेसी. त्याची सविस्तर ओळख आपल्याच देशात, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये झाली. सिंगापूरहून आणलेल्या एका माकडाच्या रक्तात हा जंतू सापडल्यावर रॉबर्ट नोल्स आणि बिराज मोहन दासगुप्ता यांनी तो रक्तातून माणसाला होऊ शकतो हे १९३२ साली दाखवले. जंगलात डासामुळे माणसाला झालेल्या लागणीचा पहिला रुग्ण १९६५ साली नोंदला गेला. मलेशियातल्या पहांगच्या जंगलात काम करून मायदेशी परतलेला तो एक अमेरिकन माणूस होता. त्यानंतर बरीच वर्षे हा प्रकार अपवादात्मक मानला गेला. २००४ साली बालबीर सिंग, जेनेट कॉक्स-सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सबाह ज्या बोर्निओ बेटावर आहे, त्याच बेटावरच्या सारावाकमधील कापित भागातल्या मलेरियाच्या २०८ रुग्णांचे रक्त जनुकीय पद्धतीने तपासून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतल्या १२० जणांना नोलेसी झाल्याचे निघाले. अपवाद म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट त्या भागातला रोजचा आजार होती. आज मलेशियात स्थानिक लागणीतून होणारा माणसांचा मलेरिया जवळपास संपला आहे. २०१८ सालापासून तसा एकही स्थानिक रुग्ण काही वर्षे नोंदला गेला नाही. पण त्याच २०१८ साली माकडांकडून आलेल्या मलेरियाचे चार हजारांहून अधिक रुग्ण तिथे झाले. त्यामुळे मुलाला वाटणारी शंका खरी आहे. ती त्याने मनात ठेवली नाही, हे फार बरे झाले.

आता तुमचा मूळ प्रश्न. हा आजार होण्यासाठी तीन जण एका जागी यावे लागतात : जंतू बाळगणारे माकड, त्या माकडाला आणि माणसाला दोघांनाही चावणारा डास, आणि त्या डासाच्या वेळेला उघड्यावर असलेला माणूस. तिकडची लांब शेपटीची आणि आखूड, डुकरासारख्या शेपटीची माकडे हा जंतू रक्तात बाळगून वावरतात आणि बहुधा त्यांना फारसे काही होत नाही. डास ल्युकोस्फायरस नावाच्या गटातले असतात. सबाहमध्ये त्यांतला मुख्य अ‍ॅनॉफिलीस बालाबासेन्सिस. यातले माकड आणि डास तुमच्या मुलाच्या हातात नाहीत. तो स्वतः कुठे, किती वाजता आणि कोणत्या अवस्थेत असतो, एवढेच त्याच्या हातात आहे. सबाहमधल्या रुग्णांची आणि त्यांच्याच शेजारपाजारच्या निरोगी माणसांची तुलना करून झालेल्या अभ्यासांतूनही हेच दिसते.

त्या अभ्यासांत ज्यांना आजार झाला ते प्रामुख्याने पंधरा वर्षांपुढचे पुरुष होते. याचा अर्थ पुरुषाचे रक्त डासाला जास्त आवडते असा नाही. मळ्यात काम करणारे, झुडपे तोडणारे, जंगलात लाकूड आणायला जाणारे आणि तिथेच रात्र काढणारे बहुतेक पुरुष असतात, म्हणून ते आधी सापडतात. जंगलाला लागून घर असलेल्या बायका आणि मुलेही आजारी पडतात. मळ्यातले काम, घराबाहेर झोपणे, अलीकडे केलेला प्रवास, गेल्या महिनाभरात आसपास माकडे दिसलेली असणे, घराच्या भिंतींना फटी असणे किंवा वळचणीची जागा उघडी असणे, घराभोवती उंच गवत असणे, या गोष्टी रुग्णांत जास्त आढळल्या. ज्यांच्या भिंतींवर कीटकनाशक फवारलेले होते आणि ज्यांच्या घराभोवती भातशेती होती, त्यांना धोका कमी राहिला. भातशेतीचे ऐकून आपल्याला नवल वाटते, कारण गोंदिया-भंडाऱ्याकडे बांधीतले पाणी म्हणजे डास असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण सबाहमधला हा डास उन्हातल्या पाण्याचा नाही. त्याला सावली, पाचोळा आणि साचलेले डबके हवे असते, आणि माकडालाही उघड्या बांधीत थांबायला कारण नसते.

हे वाचताना तुम्हाला गडचिरोली आठवली असेल. तिथला मलेरिया माणसाकडून माणसाकडे जातो, डास वेगळा आहे आणि माकडाचा त्यात भाग नाही. तरीही तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात शिरणारा, बांबू तोडायला जाऊन रानातच कुठेतरी रात्र काढणारा माणूस ज्या कारणांनी सापडतो, ती कारणे सबाहमधल्या मजुराच्या कारणांपासून फार दूर नाहीत. पोट जंगलावर असणाऱ्याला ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला देता येत नाही, आणि तुमच्या मुलालाही तो मी देत नाही.

जंगलतोडीविषयी दोन शब्द, कारण मुलाचे काम नेमके त्या काठावर आहे. दाट जंगलाच्या आत माकडे आणि डास आपापसात हा जंतू फिरवत असतात आणि माणूस तिथे क्वचितच जातो. जंगल तोडून मळे लावले की माकडे उरलेल्या पट्ट्यांत आणि मळ्यांच्या कडेला दाटीने येतात, ट्रकच्या चाकोऱ्यांत पाणी साचून सावलीतली डबकी तयार होतात, आणि त्याच कडेला मजुरांच्या झोपड्या उभ्या राहतात. सबाहमध्ये ज्या गावांभोवतीचे जंगल अलीकडे जास्त तुटले, तिथे हा आजार अधिक आढळल्याचे उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या अभ्यासात दिसले आहे. तेव्हा मुलाला सांगा, की अंगावर येणाऱ्या गर्द रानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, नुकत्याच तोडलेल्या तुकड्याच्या कडेला त्याने सावध राहावे.

आता वेळेचे. नागपुरात उन्हाळ्यात पावणेसात-सातपर्यंत उजेड असतो. सबाह विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे बाराही महिने सहा-साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि हा डास त्याच वेळेपासून चावू लागतो, बहुतेक वेळा घराबाहेरच. दिवसभराचे काम आटोपून मुले नोंदवह्या आवरतात, ओढ्यावर अंघोळ करतात, उघड्या अंगाने स्वयंपाकाच्या चुलीभोवती बसतात, फोनला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर उभी राहून घरी बोलतात. तुम्हाला त्याचा रोजचा फोन ज्या वेळी येईल, नेमकी तीच वेळ डासाचीही आहे. म्हणून मच्छरदाणी आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही. चावे ती लावायच्या आधीच होऊन गेलेले असतात. अंघोळ उजेडात उरकावी, सहाच्या आत पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट आणि मोजे अंगावर असावेत, डीट (डासांना दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम किंवा फवारा उघड्या त्वचेला लावावा आणि घाम आला की पुन्हा लावावा. तुमच्याशी त्याने सकाळी किंवा दुपारी बोलावे, आणि हे तुम्हीच त्याला सांगितलेत तर तो ऐकेल. झोळीत झोपायचे झाल्यास झोळीला बसणारी कीटकनाशक लावलेली जाळी मिळते, ती इथूनच न्यावी.

आता शरीराचे. सिकलसेलबद्दल तुमचे नातेवाईक जे सांगतात ते अर्धेच खरे आहे, आणि आपल्या विदर्भात हा समज इतका पसरलेला आहे की मला तो थोडा सविस्तर खोडावासा वाटतो. एएस असलेल्या माणसाला फाल्सिपॅरम या आपल्याकडच्या जातीचा मलेरिया जीवघेण्या थराला जाण्यापासून, विशेषतः बालपणी, बरेचसे संरक्षण मिळते. त्याला मलेरिया होतच नाही असे नाही, आणि माकडांकडून येणाऱ्या या जंतूच्या बाबतीत तर त्याने या गोष्टीवर अजिबात विसंबू नये. कोणी एसएस असेल, म्हणजे वाहक नसून प्रत्यक्ष आजारी असेल, तर त्याच्यासाठी कोणताही मलेरिया उलट अधिक धोक्याचा असतो. ज्यांची प्लीहा काढलेली आहे किंवा काम करत नाही, त्यांचेही तसेच. नोलेसी तांबड्या पेशीत शिरण्यासाठी पेशीवरच्या डफी नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांत ते प्रथिन नसते, म्हणून तिथल्या माणसाच्या पेशीचे दार या जंतूला बंद असते. आपल्याकडे बहुतेकांत ते असते. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना सबाहमध्ये हा आजार कमी झाल्याचे दिसले, पण तो काही कोणाच्या हातातला उपाय नव्हे. थोडक्यात, तुमच्या मुलाने आपल्याला काही जन्मजात कवच आहे असे समजून जाऊ नये.

लागण होणे आणि आजार बिकट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीविषयी मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. आपल्याकडच्या व्हायवॅक्स आणि फाल्सिपॅरम या जाती रक्तात ४८ तासांनी एक पिढी पुरी करतात, म्हणून जुनी माणसे एक दिवसाआड येणाऱ्या हिवतापाविषयी बोलत. नोलेसीची पिढी २४ तासांत पुरी होते. ताप रोज चढतो आणि रक्तातले जंतू रोज वाढतात, त्यामुळे ‘दोन दिवस वाट पाहू, मग बघू’ या आपल्या नेहमीच्या सवयीला इथे जागा नाही. बिकट झाल्यावर मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि यकृत यांवर ताण येतो, रक्तदाब घसरतो. हे सर्वांना होत नाही. बहुसंख्य रुग्ण साध्या गोळ्यांनी बरे होतात. उशिरा आलेले, रक्तात जंतूंचे प्रमाण जास्त असलेले आणि पंचेचाळिशी ओलांडलेले रुग्ण जास्त अडचणीत सापडतात.

उशीर केवळ रुग्णाकडूनच होतो असेही नाही. मी विद्यार्थिनी असताना मलेरी जातीच्या जंतूची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, ती अजून डोळ्यांपुढे आहे : फिकट गुलाबी तांबड्या पेशीच्या मधोमध, लुगड्याच्या काठासारखा, जंतूचा निळसर पट्टा आडवा पसरलेला. मलेरी हा संथ जंतू, ७२ तासांनी पिढी बदलणारा, क्वचितच जीव घेणारा. नोलेसीही वाढताना हुबेहूब असाच पट्टा धरतो, आणि अगदी कोवळा असताना फाल्सिपॅरमसारखी नाजूक अंगठी दाखवतो. कापितच्या रुग्णांच्या पट्ट्यांवर अनेक वर्षे ‘मलेरी’ असेच लिहिले जात होते. बोटाच्या थेंबावर होणारी झटपट तपासणीही या जंतूच्या बाबतीत भरवशाची नाही. खात्री पीसीआर तपासणीने होते.

इथे नागपूरचा संबंध येतो. समजा, तुमचा मुलगा सप्टेंबरात सुट्टीवर घरी आला आणि आठवड्याभराने त्याला ताप भरला. या जंतूने जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या प्लेटलेट्स खाली येतात. पावसाळ्यात ताप आणि प्लेटलेट्स कमी म्हटले की आपल्या गल्लीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द डेंगूचा येतो, पपईच्या पानांचा रस सुरू होतो, आणि रोज प्लेटलेट्सचा आकडा मोजत चार दिवस निघून जातात. ते चार दिवस म्हणजे या जंतूच्या चार पिढ्या. म्हणून डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पहिलेच वाक्य हे बोलावे : मी बोर्निओच्या जंगलात राहून आलो आहे, अमुक तारखेपर्यंत तिथे होतो, मलेरियासाठी रक्ताची काचपट्टी तपासा, आणि पट्टीत जंतू दिसला तर माकडांचा मलेरिया लक्षात ठेवा. पहिली पट्टी कोरी आली आणि ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासायला सांगावे. डास चावल्यापासून ताप यायला साधारण दीड-दोन आठवडे, कधी थोडे अधिक लागतात. परतल्यानंतरचा पहिला महिना तरी हे वाक्य त्याच्या जिभेवर असावे. उपचार अवघड नाही. आर्टेमिसिनिन गटातल्या औषधांनी हा आजार लवकर आटोक्यात येतो, तीव्र असल्यास आर्टेसुनेट शिरेतून द्यावे लागते, आणि व्हायवॅक्ससारखा हा जंतू यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा उलटत नाही.

जाण्यापूर्वी त्याने फिजिशियनची भेट अवश्य घ्यावी. प्रतिबंधक गोळ्या, उदाहरणार्थ अ‍ॅटोव्हॅक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन, जंगलात मुक्काम करणाऱ्यांना दिल्या जातात. दहा महिन्यांच्या कामात त्या सलग घ्याव्यात की जंगलातल्या दिवसांच्या हिशेबाने, हे त्याच्या कामाचे वेळापत्रक आणि सिकलसेलचा रिपोर्ट समोर ठेवून ठरवावे लागेल. डॉक्सिसायक्लिन घेतल्यास उन्हाने त्वचा लवकर भाजते आणि त्याचे काम दिवसभर बाहेरचे आहे, हेही बोलून घ्यावे. शेजारच्याने सांगितलेली गोळी आणून सुरू करू नये.

राहिला तुमच्या दोघांच्या प्रवासाचा प्रश्न. कोटा किनाबालूसारख्या शहरात राहून, दिवसा हिंडून, संध्याकाळी खोलीवर परतणार असाल तर मी तुम्हाला थांबवणार नाही. मुलगा राहतो त्या मळ्याच्या वस्तीत महिनाभर राहणार असाल, तर तुमच्या यजमानांची मला मुलापेक्षा जास्त काळजी वाटते : वय साठीच्या पुढचे, जोडीला मधुमेह, आणि संध्याकाळी जेवणाआधी ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आपल्याकडच्या पुरुषांची सवय तिथेही सुटणार नाही. अशा मुक्कामासाठी त्यांनाही प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलावे लागेल, त्यांच्या साखरेच्या आणि इतर गोळ्यांची यादी बरोबर न्यावी. कोणी ‘तिकडे सगळेच राहतात’ म्हणाले तरी ही भेट टाळू नका.

मुलगा पोचल्यावर त्याच्याकडून एवढे विचारून मला कळवा : मुक्कामाची खोली पक्क्या भिंतींची आहे की फळ्यांची, वळचण उघडी आहे का, खिडक्यांना जाळ्या आहेत का, भिंतींवर फवारणी होते का, सभोवतीचे गवत कापलेले असते का, आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात काचपट्टी त्याच दिवशी तपासून मिळते. त्यावरून तुमच्या दिवाळीनंतरच्या मुक्कामाविषयी मला अधिक नेमके सांगता येईल.